जुन्या तेलुगू सिनेमातल्या मोटारी ओळखायच्या कशा: आधी तारीख, मग आकार, नाव सगळ्यात शेवटी

जुन्या तेलुगू सिनेमात मोटार दिसली की बहुतेक जण सगळ्यात देखणी फ्रेम थांबवतात, बॉनेटवरचं चकाकणारं चिन्ह बघतात आणि नाव ठोकून देतात. लांबरुंद गाडी असली की ‘इम्पाला’, गोलसर असली की ‘अँबेसेडर’, छोटी आणि कोनदार असली की ‘पद्मिनी’. यातली बरीच नावं तारखेच्या साध्या हिशोबातच बाद होतात. मी स्वतः एका सिनेमातली गाडी कित्येक महिने ‘इम्पाला’ म्हणून वहीत ठेवली होती. सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र १९५७ सालच्या पूर्वार्धातलं होतं आणि इम्पाला हे नाव शेव्हर्लेने १९५८च्या मॉडेलपासून वापरलं. तारीख आधी पाहिली असती तर ती नोंद झालीच नसती.

म्हणून पुढचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यावर काही नावं गळतात, आणि शेवटी जे उरतं त्यालाच नाव द्यायचं.

टप्पा १ : बसण्याआधीची तयारी

सिनेमा नीट निवडा. तेलुगूत पौराणिक आणि ‘जानपद’ म्हणजे लोककथेवरच्या सिनेमांची परंपरा फार मोठी आहे. त्यात रथ आणि घोडेच मिळणार. आपल्याला हवेत ते ‘सांघिकम’, म्हणजे सामाजिक सिनेमे: बंगला, वकील, डॉक्टर, जमीनदाराचा शिकलेला मुलगा असलेले.

जिच्यात सुरुवातीचं प्रमाणपत्र कापलेलं नाही अशी प्रत शोधा. ऑनलाइन चढवलेल्या अनेक प्रतींत ते पहिले काही सेकंद गायब असतात. दोन-तीन प्रती उघडून पाहायला लागल्या तरी चालेल, कारण अर्धं काम त्या एका पाटीवर होतं.

सिनेमा संगणकावर बघा, फोनवर नाही. व्हीएलसी या व्हिडिओ चालवायच्या प्रोग्राममध्ये इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं आणि ‘ए’ची दाबली की चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण बदलतं. दोन्ही कळा सतत लागणार आहेत. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविराम आणि स्वल्पविरामाच्या कळांनी फ्रेम पुढे-मागे करता येते.

वहीत प्रत्येक गाडीला एक पान द्या आणि वेळ मिनिट-सेकंदासह लिहा. ‘दुसऱ्या गाण्यातली पांढरी गाडी’ अशी नोंद महिन्याभराने तुम्हालाच उलगडत नाही.

> सावध: कृष्णधवल सिनेमात गाडीचा रंग लिहू नका, ‘फिकी’ किंवा ‘गडद’ एवढंच लिहा. काही जुन्या सिनेमांवर नंतर रंग चढवलेले आहेत. ‘मायाबझार’ १९५७चा, त्याची रंगीत आवृत्ती आली २०१० मध्ये. अशा प्रतीतला रंग पुरावा म्हणून धरू नये.

टप्पा २ : तारखेची चौकट आखा

प्रमाणपत्रावरची तारीख ही वरची मर्यादा. त्या तारखेनंतर बनलेली गाडी सिनेमात असूच शकत नाही. चित्रीकरण त्याआधी कित्येक महिने चाललेलं असतं, म्हणून मी आणखी सहा महिने मागे जातो. इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे डब केलेल्या आवृत्तीचं प्रमाणपत्र मूळ सिनेमाच्या नंतरचं असतं. दुसरा म्हणजे एकाच वेळी दोन भाषांत निघालेले सिनेमे. ‘मिस्सम्मा’ १९५५ मध्ये तेलुगू आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत निघाला. अशा जोडीत दोन्ही प्रती बघा, एकीत धूसर असलेली गाडी दुसरीत स्वच्छ सापडू शकते.

खालची मर्यादा गाडीच देते. इथेच लोक उलटा तर्क लावतात आणि म्हणतात, सिनेमा १९६४चा आहे ना, मग गाडीही त्याच सुमाराची. तसं नसतं. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतातून बाहेर पडल्या, कारण बाहेरून आणलेल्या भागांच्या नुसत्या जुळणीवर चालणाऱ्या कंपन्यांना सरकारने परवानगी नाकारली. त्यानंतर नव्या परदेशी गाड्या मोजक्याच येत राहिल्या. म्हणून साठच्या दशकातल्या सिनेमातल्या श्रीमंत बापाकडे दहा-बारा वर्षं जुनी अमेरिकन गाडी दिसली तर ते अगदी स्वाभाविक आहे.

देशी गाड्यांची ही यादी वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घ्या. या सालांच्या आधी ही नावं लावता येत नाहीत:

- फियाट ११००, पहिली घडण: १९५४
- अँबेसेडर: १९५७-५८ (त्याआधीची लँडमास्टर)
- स्टँडर्ड हेराल्ड: १९६१
- अँबेसेडर मार्क २: १९६२-६३
- फियाट ११०० डिलाइट: १९६४
- स्टँडर्ड गॅझेल: १९७२
- प्रीमियर पद्मिनी हे नाव: १९७४
- अँबेसेडर मार्क ३: १९७५, मार्क ४: १९७९

मुंबईची काळी-पिवळी बघत मोठे झालेले आपण मराठी लोक सगळ्यात जास्त चुकतो ते पद्मिनीच्या ओळीत. १९६८च्या सिनेमात पद्मिनी नसते. दिसायला अगदी तीच असली तरी ती फियाट ११०० डिलाइट.

> सावध: ‘व्हिंटेज’ हा शब्द जपून वापरा. ब्रिटिश मोटार क्लबांच्या जुन्या हिशोबात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. भारतात २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत भर पडली, त्यानुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज. त्यामुळे एकच गाडी एका हिशोबात व्हिंटेज ठरते आणि दुसऱ्यात नाही. वहीत साल लिहा, विशेषण नको.

टप्पा ३ : योग्य फ्रेम पकडा, आणि ती खरी आहे का ते तपासा

गाण्यातल्या गाडीवर वेळ घालवू नका, पोर्चमधल्या गाडीवर घालवा. बंगल्यासमोर गाडी येऊन थांबते तो प्रसंग सामाजिक सिनेमात हमखास असतो आणि त्यात सगळंच मिळतं. गाडी फाटकातून वळते तेव्हा नाक दिसतं, पोर्चकडे येताना पूर्ण बाजू दिसते. ड्रायव्हर उतरून मागचं दार उघडतो तेव्हा बिजागरी कोणत्या कडेला आहे ते कळतं, आणि गाडी निघून जाताना शेपटी दिसते. वीस सेकंदांत चारही बाजू. डॉक्टर बॅग घेऊन येतो तो प्रसंगही असाच उपयोगी आहे.

फ्रेम सापडली की तीन तपासण्या करा.

चाक गोल आहे का? जुना सिनेमा जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालेला असतो. टीव्हीसाठी तो आडवा ताणला की गाडी बुटकी आणि रुंद दिसते, आणि पन्नास सालची गाडी अचानक साठ सालच्या अंगलोटाची वाटू लागते. पूर्ण बाजूने दिसणारं चाक पट्टीने मोजा. रुंदी उंचीपेक्षा जास्त भरली तर ‘ए’ दाबून प्रमाण बदला आणि चाक गोल होईपर्यंत पुढे जाऊ नका. मला अजूनही या तपासणीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

चित्र उलटं तर नाही? स्टेअरिंग डावीकडे दिसलं की लोक लगेच ‘थेट आयात’ असं लिहितात. आधी बाईच्या पदराकडे बघा. पदर सहसा डाव्या खांद्यावर असतो, पुरुषाच्या शर्टाचा खिसाही डावीकडे असतो. दोन्ही उजवीकडे दिसले तर फिल्मच उलटी लागलेली आहे.

एकच गाडी आहे की दोन? नायक-नायिका गाडीत बसून गातात ते जवळचे शॉट बऱ्याचदा स्टुडिओत, मागच्या पडद्यावर पळता रस्ता दाखवून घेतलेले असतात. तिथली गाडी आणि घाटातल्या लांबच्या शॉटमधली गाडी वेगवेगळ्या असू शकतात. पुढच्या काचेच्या मध्यावर उभी पट्टी आहे का ते दोन्हीकडे तपासा. एकीकडे काच दोन तुकड्यांची आणि दुसरीकडे अखंड दिसली तर वहीत दोन पानं करा. कड्यावरून कोसळणाऱ्या गाडीला तर नेहमीच वेगळं पान द्यावं, कारण पाडण्यासाठी एखादा जुना सांगाडा किंवा छोटी प्रतिकृती वापरलेली असते.

टप्पा ४ : बाजू वाचा

कंपनी कोणती हा प्रश्न अजून बाजूला ठेवा. या टप्प्यावर फक्त दशक ठरवायचं आहे.

मडगार्ड अंगापासून सुटे, फुगीर आणि दाराखाली पाय ठेवायची लांब पायरी असेल तर घडण दुसऱ्या महायुद्धाआधीची किंवा त्यानंतर लगेचची. पुढचं मडगार्ड दारात विरघळत जातंय, पण मागच्या चाकावर अजून वेगळा फुगवटा आहे, तर साधारण चाळीसच्या दशकाची अखेर ते पन्नासचा पूर्वार्ध. पुढून मागेपर्यंत एकच सपाट भिंत असेल तर त्याच्या पुढची. पुढची काच दुभंगलेली असेल तर गाडी बहुधा पन्नासच्या दशकाच्या मध्याच्या आतली. मॉरिस मायनरची काच १९५६ मध्ये अखंड झाली.

मग दारं. किती आहेत आणि कोणत्या कडेने उघडतात, हे दोन्ही लिहा.

आता आकार. पूर्ण बाजूच्या फ्रेममध्ये पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि त्याला चाकाच्या व्यासाने भागा. फ्रेम कितीही लहान असली तरी हे गुणोत्तर बदलत नाही. मॉरिस मायनरमध्ये हे अंतर ८६ इंच, अँबेसेडरमध्ये ९७, १९५७च्या शेव्हर्लेमध्ये ११५. टायरसकट चाकांच्या व्यासात त्या मानाने फारसा फरक नसतो, म्हणून चारच्या वर उत्तर आलं की अमेरिकन गाड्यांकडे वळा, साडेतीनच्या आसपास आलं की छोट्या ब्रिटिश किंवा इटालियन गाड्यांकडे.

> तपासा: टप्पा २ ची चौकट आणि टप्पा ४ चं दशक एकमेकांत बसतात का? गाडी सिनेमापेक्षा नवी निघत असेल तर चूक तुमच्या वाचनात आहे. बहुतेक वेळा चित्र ताणलेलं निघतं.

टप्पा ५ : नाक आणि शेपटी

आता कंपनी शोधायची. आधी हेडलाइट मोजा. एका बाजूला दोन, म्हणजे एकूण चार असतील तर अमेरिकन गाडी साधारण १९५८च्या मॉडेलपासून पुढची. एवढ्या एका मोजणीने पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचे दोन गट पडतात.

नाकावरच्या काही खुणा धूसर प्रतीतही टिकतात:

- बुइकच्या पुढच्या मडगार्डावर ओळीने तीन किंवा चार गोल भोकं, १९४९ पासून. त्याआधीच्या बुइकवर ती नसतात.
- जुन्या पॉन्टियाकच्या बॉनेटवर मध्यातून लांबलचक चंदेरी पट्टे आणि टोकाला रेड इंडियन सरदाराचं मुंडकं.
- १९४९ आणि १९५०च्या फोर्डच्या जाळीच्या (हेडलाइटांमधल्या, हवा आत घेणाऱ्या भागाच्या) मध्यात एक गोळीसारखा गोल, १९५१च्या जाळीत तेच दोन.
- १९५० आणि १९५१च्या स्टुडबेकरचं अख्खं नाकच विमानासारखं पुढे आलेलं.

शेवटच्या दोन्हींत ‘मध्ये गोल’ असल्यामुळे नेहमी घोटाळा होतो. फोर्डचा गोल आडव्या पट्टीवर बसवलेला असतो, स्टुडबेकरचा गोल म्हणजे बॉनेटचंच टोक. गाडी थोडी तिरकी असेल तेव्हा बघा, स्टुडबेकरचं नाक हेडलाइटच्या पुढे गेलेलं दिसतं.

शेपटीकडे लोक बघतच नाहीत, आणि साल बऱ्याचदा तिथेच कळतं. १९५७च्या शेव्हर्लेचे कल्ले, म्हणजे मागच्या मडगार्डांच्या टोकाचे माशाच्या परांसारखे उंचवटे, उभे असतात. १९५९च्या शेव्हर्लेत तेच आडवे, वटवाघळाच्या पंखांसारखे पसरलेले आणि खाली डोळ्याच्या आकाराचा लांबट दिवा. १९६०च्या इम्पालात दिवे परत गोल, प्रत्येक बाजूला तीन. बीटल फोक्सवॅगनची मागची काच १९५३च्या सुरुवातीपर्यंत दोन फाकांची, मग १९५७ पर्यंत अंडाकृती, त्यापुढे मोठी आणि चौकोनी.

> सावध: बॉनेटवरचं चिन्ह, चाकाची टोपी आणि पांढऱ्या कडेचे टायर हे बदलता येणारे दागिने आहेत. काच, बिजागरी आणि पत्र्याचा बाक बदलत नाही. दोघांत वाद आला तर पत्र्याचं ऐका.

टप्पा ६ : जुळ्या बहिणी वेगळ्या करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तेलुगू सिनेमातल्या देशी गाड्या जोड्याजोड्यांनी चकवतात.

लँडमास्टर आणि अँबेसेडर. दोघींचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डच, फक्त लागोपाठच्या दोन मालिका. समोरून बघत बसू नका, मागे या. लँडमास्टरचं मागचं मडगार्ड गोल उतरतं, अँबेसेडरचं टोकाला किंचित वर उचलून छोट्या कल्ल्यासारखं संपतं. मग अँबेसेडरमध्येच मार्क २ ला नवी जाळी आणि आधीपेक्षा मोठे साइड लाइट येतात, मार्क ३ ला आडव्या पट्ट्यांची जाळी आणि गोल इंडिकेटर, मार्क ४ ला चौकोनी पार्किंग दिवे.

हिंदुस्थान १४ आणि बेबी हिंदुस्थान. पहिली मोठी ऑक्सफर्ड, दुसरी मॉरिस मायनर. मोठी म्हणजे धाकटीच फुगवल्यासारखी, त्यामुळे टप्पा ४ चं चाकाचं गुणोत्तर इथे दगा देतं: दोघींचं उत्तर जवळपास सारखंच येतं. बाजूला उभा माणूस शोधा, दाराची रुंदी बघा, मागच्या सीटवर तिघं मोकळेपणी बसलेत का ते बघा. हेडलाइट जाळीलगत खाली असतील तर ती सुरुवातीची, साधारण १९५० पर्यंतची मायनर.

फियाट ११०० जुनी आणि डिलाइट. जुनीला मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. तिचं पुढचं दार पुढच्या कडेने उघडतं, बिजागरी दोन दारांमधल्या खांबावर. नायक त्यातून उतरताना आधी पाय बाहेर येतो आणि दार त्याच्या मागे राहतं. डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत दार नेहमीसारखं मागच्या कडेने उघडतं. दार उघडण्याचा एक सेकंद मिळाला तरी निकाल लागतो.

डॉज, प्लिमथ, डिसोटो. क्रायस्लरच्या या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवल्या जायच्या. डॉज किंग्सवे म्हणजे मुळात प्लिमथच, डॉजची जाळी आणि नाव लावलेली. बाजूवरून यांची नावं वेगळी करायचा हट्ट धरू नका. जाळी स्वच्छ दिसली नाही तर ‘क्रायस्लर गट’ एवढंच लिहून साल द्या.

स्टँडर्ड हेराल्ड. हिला मद्रासच्या सिनेमात डोळ्यांत तेल घालून शोधा, कारण कारखाना मद्रासजवळच, वंडलूरला होता. सरळ कडा, पातळ छप्पर, आणि इंजिन बघायला बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं. गाडी बंद पडल्याच्या विनोदी प्रसंगात हे फार सुरेख दिसतं. सुरुवातीची हेराल्ड दोन दारांची, चार दारांची साठच्या दशकाच्या अखेरीस आली.

टप्पा ७ : नंबरप्लेट, पण आत्ताच

नंबर आधी वाचला तर तो डोक्यात बसतो आणि पुढचं सगळं त्याच्याशी जुळवून घ्यावंसं वाटतं. म्हणून तो इतक्या उशिरा.

त्या काळात तेलुगू सिनेमे मुख्यतः मद्रासच्या वाहिनी, भरणी यांसारख्या स्टुडिओंत बनत. त्यामुळे ‘एमएस’ने सुरू होणारे मद्रासचे नंबर सर्रास दिसतात. राज्याचं नाव १९६९ मध्ये तामिळनाडू झालं आणि पुढच्या मालिका ‘टी’ने सुरू झाल्या. आंध्रचे नंबर ‘ए’ने. हैदराबादेत १९७६ मध्ये अन्नपूर्णा स्टुडिओ उभा राहिला, त्या सुमारापासून आंध्रच्या पाट्या जास्त शोधा. नुसता ‘एम’ दिसला म्हणून मद्रास लिहू नका: म्हैसूरची ‘एमवाय’ आणि महाराष्ट्राच्या ‘एमआर’, ‘एमएम’ याही ‘एम’च्याच. दुसरं अक्षर वाचता आलं नाही तर जागा कोरी ठेवा.

नंबरावरून गाडी कुठे नोंदली हे कळतं, कधी बनली हे नाही. शिवाय गाडी गुन्हेगाराची असेल तर पाटी कथेसाठी रंगवलेलीही असू शकते.

> तपासा: एकाच प्रसंगात पुढची आणि मागची पाटी सारखी आहे का? वेगळी निघाली तर एकतर पाटी खोटी, नाहीतर गाड्या दोन. परत टप्पा ३ वर जा.

टप्पा ८ : नाव द्या, आणि किती खात्री आहे तेही लिहा

नाव द्यायला एकमेकांवर न विसंबणाऱ्या किमान दोन खुणा हव्यात. जाळी आणि शेपटी चालतील, दार आणि काच चालतील. जाळी आणि जाळीवरचं चिन्ह ही एकच खूण धरायची. मग त्या काळच्या कंपनीच्या जाहिराती आणि माहितीपत्रकांशी ताडून बघा. आज रॅलीत फिरणाऱ्या गाडीच्या फोटोशी ताडू नका, दुरुस्तीत तिचे भाग बदललेले असतात.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘०:४१:१२, पोर्च. गडद, चार दारं. चाक गोल करून घेतलं. पदर डावीकडे, चित्र सुलट. काच दुभंगलेली, मागच्या चाकावर वेगळा फुगवटा, गुणोत्तर चारच्या वर. शेव्हर्ले, १९४९ ते १९५२. जाळीच्या मधल्या पट्टीवर पाच दात दिसले तर १९५२, पण नायिकेचे वडील नेमके जाळीसमोर उभे आहेत. पाटी: एमएस, पुढचं वाचता येत नाही. कंपनी पक्की, साल उघडं.’

साल उघडं राहिलं तर राहू द्या. त्याच वर्षाच्या आसपास मद्रासमध्ये बनलेले तेलुगू आणि तमिळ सिनेमे काढा, त्यांतले पोर्चचे प्रसंग तेवढे बघा, आणि पाटीवरची वाचता येतील ती अक्षरं वहीतल्या जुन्या पानांशी जुळवत जा. पाटी जुळली तरी काच, दारं आणि मडगार्ड परत एकदा ताडा. तेही जुळले तर दोन्ही पानांवर एकमेकांचा वेळ लिहा, आणि त्या दुसऱ्या सिनेमात जाळीसमोर कुणी उभं नसेल तर दात मोजून घ्या.